कुलूच्या वाटेवरचं मळवली फाटक

जुन्या बसमध्ये आम्ही दोन खाटा, स्टोव्ह आणि पाण्याची टाकी बसवली होती. उन्हाळ्यात त्यातून काश्मीरला जायचं होतं. यांना कुलूच्या खोऱ्यातून, डोंगराडोंगराने जायची हौस. सरळ रस्त्याने चार दिवस वाचतात, हे मी यादी करून सिद्ध केलं होतं. त्याच संध्याकाळी रस्ता ठरवून रजेचा अर्ज टाकायचा होता.

सरावाची फेरी म्हणून त्या दुपारी लोणावळ्याहून निघालो आणि मळवलीच्या रेल्वे फाटकात अडकलो. जवळच्या भाजे गावचे एक म्हातारे शेतकरी दारातून डोकावले. "या आबा," म्हणताच त्यांनी वहाणा काढून रस्त्यावर नीट जोडीने लावल्या.

"अहो, गाडी आहे ही!"

"चूल हाय न्हवं आत? मग घरच की!"

आबांनी खाट दाबून पाहिली, टाकीची तोटी दोनदा सोडली आणि खुदकन हसले. यांनी लगेच नकाशा पसरून त्यांच्यापुढे गाऱ्हाणं मांडलं. "ही म्हणते, वाटेत कुठे थांबायचं नाही."

आबा माझ्याकडे वळले. "थांबायचं न्हाई, तर घर कशाला वडत नेताय?"

मला इतकं हसू फुटलं की पेन्सिल हातातून पडली. ती उचलून मी नकाशावर कुलूच्या नावापुढे मुक्काम लिहिले. एक नव्हे, तीन!

फाटक उघडलं. मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवत ओरडला, "अहो, चला की!"

"आम्ही कडेला घेतो, तुम्ही व्हा पुढे," मी दारातून ओरडले. "आमच्याकडे पाहुणे आलेत!"

आणि चहाचं आधण ठेवलं.