शेवटचं प्रकरण परीक्षेला नव्हतं

कादंबरीतल्या नायकाने लुटारूंच्या सरदाराला फसवलं आणि आमच्या सरांनी मला फसवलं. पहिल्या फसवणुकीवर परीक्षेत प्रश्न येतो. दुसरीवर येत नाही, म्हणून मीच लिहितो.

इतवारीच्या भांडीबाजारात माझं पितळी भांड्यांचं दुकान आहे. ते मला वारशात मिळालं नव्हतं. डोक्यावर पाटी घेऊन पार पारशिवनीच्या बाजारापर्यंत भांडी विकली, तेव्हा कुठे गल्लीत एक ओटा मिळाला आणि ओट्याचं दुकान झालं. पण शाळा सातवीत सुटली होती, आणि बायको मॅट्रिक होती. भांडण माझ्या बाजूने झुकू लागलं की ती शांतपणे म्हणायची, "जाऊ द्या. त्याले मॅट्रिक लागते." बाजारात मला भावात कोणी हरवत नव्हतं आणि घरी मी रोज हरत होतो. शेवटी चाळिशीच्या तोंडावर मी बाहेरून मॅट्रिकला बसलो.

रामदासपेठेत एक सर आपल्या व्हरांड्यात सकाळी आमच्यासारख्या थोराड विद्यार्थ्यांचा वर्ग घेत. मराठीला एक जुनी साहसकथा होती, परक्या मुलखातून आपल्याकडे आलेली. जहाज फुटतं, सगळे लुटारूंच्या बेटावर अडकतात. तरुण खलाशी सरदाराच्या हातात हात देऊन सांगतो, "मला गोडं पाणी आणायला सोड, मी परत येतो." सरदार सोडतो. हा मित्रांना घेऊन होडीतून पसार.

मी उभा राहिलो. "सर, हे पटलं नाई. त्यानं हात देला होता."

"लुटारूला दिलेला शब्द तो. मित्रांचे प्राण वाचवणे हे मोठे कर्तव्य. मोठ्या कर्तव्यापुढे शब्द मागे पडतो. लिहून घ्या."

"मंग देलाच काहून?"

"अहो, हे साहित्य आहे. भांडीबाजार नाही."

मागच्या बाकावरचा कंपाउंडर म्हणाला, "सर, याले त्या बेटावर पाठवा. सरदाराले पाणीबी विकून येईन."

सगळे हसले. मीही हसलो असतो, पण त्या कंपाउंडरला मी नुकतीच कळशी स्वस्तात दिली होती.

आमच्या गल्लीत सौदा पटला की हातावर हात मारतात. मग पितळ चढो की उतरो, माघार नाही. हे शिकायला मला कुठल्या व्हरांड्यात बसावं लागलं नव्हतं.

त्याच हिवाळ्यात सरांच्या मुलीचं लग्न ठरलं आणि सर भांडीबाजारात आले. घासाघीस अशी केली, की माझी मान शरमेने खाली गेली. इतकी वर्षं दुकानावर बसून मला ती जमली नव्हती. पाण्याचे गुंड, परात, घंगाळ, पातेली, सगळं ठरलं. मी हात पुढे केला. सरांनी टाळी द्यावी तसा त्यावर हात मारला.

"नावं टाकायची ना, सर?"

"अर्थात. मुलीचं, जावयाचं, आणि खाली 'आईबाबांकडून सप्रेम भेट'."

मी एकेका भांड्यावर नावं कोरून घेतली. नाव पडलेलं भांडं म्हणजे हळद लागलेली नवरी. ते दुसऱ्या घरी जात नाही. सगळं तयार झालं आणि सर हात हलवत आले.

"वरपक्ष स्टील म्हणतो आहे. हल्ली पितळ कोण घासतं?"

"सर, हात मारला होता."

"मुलीचं सुख हे मोठं कर्तव्य नाही का?"

आणि ते समोरच्या स्टीलच्या दुकानात चढले. माझ्या डोळ्यांदेखत! त्या दुकानदाराने त्यांना चहा पाजला आणि माझ्याकडे बघत आपला कप उंच धरला.

परीक्षेत नेमका तोच प्रश्न आला: नायकाने शब्द मोडला, हे योग्य की अयोग्य? बायकोने घरून निघताना बजावलं होतं, "सरांनी सांगतलं ते लिहून या. शायनेपना नाई." मी पेन उचललं आणि डोळ्यांसमोर ते घंगाळ आलं. मी नायकापासून सुरुवात केली, स्टीलपर्यंत गेलो, आणखी कागद मागून घेतला आणि सरांच्या घासाघिशीवर संपवलं. बाकी सगळ्या विषयांत पास झालो. मराठीत गेलो.

बायकोने निकाल ऐकला. तिने सरांच्या सौद्यातल्या गुंडातून पेलाभर पाणी काढून माझ्यापुढे ठेवलं. कोऱ्या भांड्यांना गिऱ्हाईक मिळतं. नावं कोरलेली ही भांडी आमच्याच घरात आली होती. आजही मी कोणा परक्या आईबाबांच्या सप्रेम भेटीतलं पाणी पितो.

"काहून हासून राहिली वं?"

"जाऊ द्या," ती म्हणाली. "त्याले मॅट्रिक लागते."

पुन्हा बसायचं म्हणून मी ती कादंबरी पहिल्यापासून वाचली. सरांनी शेवटचं प्रकरण कधी शिकवलंच नव्हतं. "परीक्षेला येत नाही, सोडून द्या," म्हणाले होते. त्या प्रकरणात मित्रांना सुखरूप पोचवून तो खलाशी एकटा होडी वल्हवत बेटावर परत जातो. सरदारासमोर उभा राहतो आणि म्हणतो, "मी शब्द मोडला. आता काय करायचं ते तू सांग." मी पुस्तक मिटलं. त्या खलाशी पोराला मी उगाच फसव्या म्हटलं होतं. एवढा हिशेब त्याचा माझ्याकडून चुकता.

सरांचा मात्र नाही. ते अजून इतवारीत येतात. माझ्या दुकानासमोरून जायला नको म्हणून सराफ्याच्या गल्लीतून वळसा घालतात, आणि समोरच्या कडेने जावंच लागलं, तर ऊन नसताना छत्री माझ्या बाजूने कलती धरतात. सर, मोठं कर्तव्य झालं, मुलगी सुखात आहे, स्टील चकाकतंय. तुमचा नायक तर समुद्र ओलांडून आला. तुम्हाला फक्त रस्ता ओलांडायचा आहे. दुकान उघडं आहे. या, समोर उभे राहा आणि माझ्या बायकोदेखत सांगा: मराठीत नापास मी, की तुम्ही?