पंप थांबेना, संशय जाईना

मंडळी, आज मी शेजाऱ्यावर पाळत ठेवली. आधीच कबूल करते.

कासार आंबोलीतलं आमचं घर सासऱ्यांनी साठच्या दशकात बांधलं. तळघरात पाणी झिरपतं, म्हणून खड्ड्यात पंप बसवलाय. आठवडाभर तो दर दहा मिनिटांनी सुरू होतोय, पाऊस उघडला तरी. मेकॅनिक म्हणाला, पंप ठीक आहे, पाणीच कुठून तरी येतंय.

कुठून येणार? कुंपणापलीकडे बबनरावांचं भातखाचर आहे. त्यांनीच बांध फोडला असणार, माझी खात्री होती.

सकाळी जत्रेतल्या उरलेल्या गुलालातला थोडा गुपचूप त्यांच्या खाचरात ओतला आणि पाणी गुलाबी होतंय का बघत दोन तास खड्ड्याशी बसले. पाणी स्वच्छच.

दुपारी बबनराव स्वतःच आले. पंपाचा पाइप कुठे जातो ते बघितलं. ओढ्यात सोडलेला तो पाइप मीच गेल्या आठवड्यात भिंतीलगतच्या केळीला लावला होता. न्हाणीचं पाणी केळीला जातं, तसं हेही. वाया कशाला घालवायचं?

"ताई, सकाळचा गुलाल उरलाय का?" त्यांनी विचारलं.

मी पुडी आणून दिली. त्यांनी ती केळीच्या बुंध्याशी ओतली. अर्ध्या तासात खड्ड्यातलं पाणी गुलाबी झालं.

"तुमचंच पानी हाय, फिरून तुमच्याच घरात येतंय," एवढं म्हणून ते गेले. खाचराबद्दल अवाक्षर नाही.

पाइप परत ओढ्यात सोडलाय. पंप गप्प आहे, आणि मीही. माझ्या जागी तुम्ही असता तर बबनरावांना कसं तोंड दाखवलं असतं?