थर चार की पाच

मुलगी फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षी शरीररचनेत नापास झाली. फेरपरीक्षेत पुन्हा अडकली असती तर वर्ष गेलं असतं, म्हणून मी रोज तिची उजळणी घ्यायला बसू लागलो. मी खराडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत हिशेब पाहतो. शरीराशी माझा संबंध आजारपणापुरता.

ऊतींचे चार प्रकार तिने धडाधड सांगितले. त्वचेवर मात्र मीच अडलो. "बाह्यत्वचेचे थर या पानावर चार आणि त्या पानावर पाच. ताळा जुळत नाही. पुस्तक चुकलंय."

"पप्पा, ही काय बॅलन्सशीट आहे?"

पण कारण तिलाही सांगता येईना, आणि मी पुढे जाऊ देईना. चिडून तिने सगळा धडा पुन्हा वाचला. तळहात आणि तळपायाला पाच थर, बाकी अंगाला चार.

तोंडी परीक्षेत सरांनी नेमकं तेच विचारलं, "बाह्यत्वचेचे थर किती?"

"कुठल्या जागेच्या त्वचेचे, सर?" तिने विचारलं. सर हसले आणि म्हणाले, "शाबास."

ती पास झाली. निकाल ऐकून तिची आई मला म्हणाली, "अहो, जुळला का ताळा?"

जुळला. परीक्षकाला उलट प्रश्न विचारणारी आमच्या घरातली ती पहिलीच.