चारशे माणसांचं मीठ

केसरीनाथ मुंबईच्या अणुकेंद्रात नेमकं काय करतो, हे अख्ख्या कोन गावात एकट्या त्याच्या बायकोला, द्रौपदीला ठाऊक होतं. तेही त्याने सांगितलं म्हणून नाही, तर त्याच्या सदऱ्याला रोज फोडणीचा वास यायचा म्हणून. तो तिथल्या कँटीनमध्ये उसळ रांधायचा.

शहात्तर साली कामावर घेताना त्याच्याकडून एका कागदावर सही घेतली होती, की आतलं बाहेर बोलणार नाही. कागद सगळ्यांना एकच होता, पण केसरीनाथने तो फारच मनावर घेतला.

"आज काय रांधलंत तिथं?" नवं लग्न होतं तेव्हा द्रौपदीने विचारलं होतं.

"सांगता येत न्हाय."

"अवो, भाजी इचारतंय, बाँब न्हाय."

"आज भाजी इचारशील, उद्या बाँब."

बावीस वर्षं हेच चाललं. गावाने आपल्या परीने अर्थ लावला. जो माणूस भाजीचं नाव सांगत नाही, त्याचं काम केवढं मोठं असेल!

त्यातून केसरीनाथला विज्ञानाची हौस. उसळ वाढताना साहेब लोकांचं बोलणं कानावर पडायचं. कागद आतल्या गोष्टींचा होता, पुस्तकात छापलेल्या गोष्टींचा नव्हता, असं स्वतःला समजावून तो संध्याकाळी देवळाच्या कट्ट्यावर बसून गावाला अणू फोडून दाखवायचा.

"हे आपल्या हळदीसारखा समजा," तो म्हणायचा. "एका बाईला आवतन दिला. ती एकटी येते का? दोघींना घेऊन येते. त्या दोघी अजून दोघी-दोघी आनतात. युरेनियमचा तसाच. एक कन घुसला, अणू फुटला, त्यातनं दोन-तीन कन निघाले, त्यांनी पुढचे फोडले. डोळ्याची पापनी लवायच्या आत मांडव उडाला!"

"आन थोडाच युरेनियम असला तं?"

"तं चार बाया आल्या, चहा पिऊन गेल्या. गर्दी जमल्याबिगर धमाका न्हाय."

एवढं ऐकल्यावर तो साधा माणूस आहे, असं कोण म्हणणार?

मग अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात पोखरणला स्फोट झाले. गावाने केसरीनाथला हार घातला. धामणकर नाक्यावरून पेढे आले. केसरीनाथने हार काढला नाही आणि तोंडही उघडलं नाही. द्रौपदीला हसू आवरेना. पण ते चारच दिवस.

पाचव्या दिवशी गणेशपुरीहून होणारी विहीण ठमाबाई आली, भाऊ बाळारामला घेऊन. लेकीचं, मंदाचं लग्न आठ दिवसांवर होतं. ठमाबाईने पाण्याचा तांब्याही हातात घेतला नाही.

"बाँबची किरनं लागतात, पिढ्यान् पिढ्या जात न्हाईत," ती म्हणाली. "बापाचे कपडे मंदाच धुते ना? मना अंधारात चमकनारी नातवंडं नको."

"लाइट गेली तं बरी पडतील," बाळाराम म्हणाला. बहिणीने डोळे वटारले.

स्वयंपाकघराच्या दाराआड मंदाच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या.

"अवो ताई, ते कँटीनमधी हायेत! उसळ करतात!"

"बाँबवाला असंच सांगनार."

"अवो, तुमी तरी सांगा!" द्रौपदी नवऱ्याकडे वळली. केसरीनाथने लेकीच्या दाराकडे पाहिलं, कपाळाचा घाम पुसला, आणि कष्टाने म्हणाला, "सही केलीये मी."

"बघा!" ठमाबाई उठलीच.

द्रौपदीने पदर खोचला. "सांगू नका. करून दाखवा. कागदावर रांधायची बंदी न्हाय ना?"

केसरीनाथने विचार केला. नव्हती. सकाळचे भिजवलेले वाटाणे तयारच होते. आयुष्यात पहिल्यांदा तो घरच्या चुलीपुढे बसला.

"किती मानसांची?"

"पाच."

पाच म्हटल्यावर तो गोंधळला. हात मात्र गोंधळले नाहीत. कांदा असा सपासप चिरला की बाळाराम मागे सरकला. फोडणी तडतडली आणि बावीस वर्षांचा तो वास घरभर पसरला. मग त्याने मिठाच्या बरणीत हात घातला, मुठी भरल्या, आणि द्रौपदी ओरडेपर्यंत त्या पातेल्यात गेल्याही होत्या.

ठमाबाईने घास तोंडात घातला. डोळ्यांतून पाणी आलं. न घेतलेला तांब्या तिने एका दमात रिकामा केला.

"हे किती मानसांचा मीठ?"

"चारशे," केसरीनाथ ओशाळून म्हणाला. "कमी करायची हाताला सवय न्हाय."

ठमाबाईने वाटीकडे पाहिलं, केसरीनाथकडे पाहिलं, आणि खाली बसली. "आचारीच हाय हा," ती भावाला म्हणाली. "एवढा मीठ बाँबवाल्याच्या हातून पडायचा न्हाय."

आत बांगड्या पुन्हा वाजू लागल्या.

हळदीला द्रौपदीने दीडशे माणसं धरली होती. पण एकीने दोघी आणल्या, दोघींनी चौघी, आणि दिवेलागणीला मांडवात चारशे पानं बसली. उसळ केसरीनाथच्या हातची होती. मीठ कसं, नेमकं.

ठमाबाईने तिसऱ्यांदा वाढून घेतली. "व्याहीबुवा, मसाला कोणता घातलात?"

केसरीनाथने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं.

"ते सांगता येत न्हाय," तो म्हणाला.

ठमाबाईचा घास हातातच राहिला. द्रौपदीने कपाळावर हात मारला.