एकदा बझर म्हणजे हो

दौंडचं विज्ञान प्रदर्शन होऊन महिना झाला, पण मधल्या सुट्टीत आमच्याकडे अजून तेच चाललंय. डबा उघडला की एक किस्सा निघतो आणि डबा संपेपर्यंत त्याला चार चिकटतात. बहुतेकांत फजिती माझीच. म्हणून म्हटलं, आपणच लिहावं; निदान वाढवून तरी सांगणार नाही!

आमचं मॉडेल होतं 'प्रकाशाचा निरोप'. टेबलाच्या एका टोकाला शिरूरच्या बाजारातला किचेनचा लेसर, दुसऱ्या टोकाला सेन्सर आणि बझर. प्रकाश पडला की बझर वाजतो. एकदा म्हणजे 'हो', दोनदा म्हणजे 'नाही'.

विज्ञानाचे सर लेसर दाखवत म्हणाले, "ह्याच्या आत मोहरीहून लहान अर्धवाहक आहे. करंट दिला की उजेड, तोडला की अंधार. असाच लेसर डोळ्याचं पातं लवायच्या आत लाखो वेळा चालू-बंद होतो, म्हणून फोनवरचं बोलणं काचेच्या तारेतून जातं."

मी मान डोलावली. कळलं नसलं की मी जास्तच डोलावते!

घरी हेच आबांना समजावलं.

"म्हंजी बटण?"

"हो, आबा."

"आन् ते तुझ्या हातात?"

"हो."

"मग तू लई पुढं गेलीस. आपल्या घराचं बटण अजून वायरमनच्या हातात हाय!"

माझी जोडीदार सुनंदा म्हणजे वर्गाचा लाऊडस्पीकर. ती म्हणाली, "बोलायचं मी बघते, तू बटण दाब. तुला तोंड न्हाई, बोट तर हाय!" मला इतका आनंद झाला की अपमान झालाय हे घरी गेल्यावर कळलं.

पण तेवढ्यात नियम आला: परीक्षक दोघींनाही विचारणार. एक जरी गप्प बसली तरी मॉडेल जिल्ह्याला जाणार नाही. सुनंदानं मला तीन ओळी पाठ करायला लावल्या. मी त्या आठवडाभर आमच्या शेळीला ऐकवल्या. शेवटी शेळीच उठून गेली.

दौंडला लेसरची रेघ दिसावी म्हणून सरांनी अगरबत्त्या लावल्या. धुरात लाल रेघ काय सुरेख दिसली! एक आजी आल्या, हात जोडले आणि झेंडूचं फूल बरोब्बर लेसरपुढे ठेवलं. बझर गप्प. मी अर्धा तास वायरी तपासत बसले. फूल मला दिसलं होतं; पण आजींना सांगायचं कसं? शेवटी सुनंदानंच ते उचललं.

मग परीक्षक आले. सुनंदा धडाधड बोलली. "आता तू," ते मला म्हणाले. माझ्या तीन ओळी शेळीबरोबर निघून गेल्या होत्या. बोट मात्र बटणावर होतं.

"मॉडेल तूही केलंस ना?"

बझर एकदा वाजला.

"घाबरलीस?"

एकदा.

"म्हणजे उत्तर येत नाही?"

दोनदा!

परीक्षक हसले. पुढे वाकून त्यांनी सेन्सरवर तळहात धरला. "आता सांग."

मी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. काहीच नाही. सुनंदानं डोळे मिटून घेतले. आणि शेजारचा ज्वालामुखीवाला मुलगा दचकेल एवढ्या मोठ्यानं मी ओरडले,

"सर, हात काढा ना, मी बोलतेय!"