धाकटीचे उपास

पनवेलला आमची भाताची गिरणी होती. तिथल्या पोत्यांच्या काट्यावर मी आणि धाकटी बहीण चोरून वजन करायचो. नव्वदच्या सुमाराची गोष्ट. दादाचं लग्न चार महिन्यांवर आलेलं आणि आम्हा दोघींना बारीक व्हायचं होतं.

डाएटिंग म्हटलं असतं तर आई ताट घेऊन पुढ्यातच बसली असती. म्हणून युक्ती मीच काढली. उपास! सोमवार, गुरुवार, शनिवार. उपासाला कोण आग्रह करणार? मी दुसऱ्याच आठवड्यात वड्यांवर घसरले, पण धाकटी अशी सुटली म्हणता! काटा खाली आला की मी टाळ्या पिटायचे.

"ताई, अजून एक वार सांग ना," ती म्हणाली. मी मंगळवारही देऊन टाकला.

आई शेजारणींना सांगे, "धाकटी देवाची हो आमची!"

भर मे महिन्यात तिला थंडी वाजायची. फणी केसांनी भरायची. सगळ्यांना हौसेनं रांधून वाढायची, स्वतःची वरीची वाटी तशीच. घोटभर पाण्यानं काटा हलला तरी रडायची. हे सगळं मला दिसत होतं. वाटायचं, काय जिद्द आहे पोरीची!

लग्नाच्या आठवड्यात विचुंब्याची आत्या आली. तिनं धाकटीचं मनगटच धरलं. "वैनी, काडी झालाय गो हात! आमी बी उपास करतो, पन सोडतो ना? ही सोडते कवा?"

आईचं हसू थांबलं. धाकटीला उपास सोडताना घरात कुणीच पाहिलं नव्हतं.

आत्यानं तिला तशीच रिक्षात घातली. डॉक्टरांनी विचारलं, "जेवण कधीपासून तुटलंय?" धाकटी माझ्याकडे बघत होती.

मी म्हणाले, "आठेक दिवस. लग्नाची धावपळ हो."

टॉनिक मिळालं. आणि लग्नात काय दिसली ती! बायका मला विचारत होत्या, हिनं केलं तरी काय? खरं सांगते, मी फुलून गेले होते.

दीड महिन्यानं ती गिरणीच्या पायरीवर कोसळली. सावरायला तीन वर्षं गेली. आज ती जेवते, पण समोर कुणी बसलेलं चालत नाही.

आठ दिवस नव्हते, चार महिने होते. ते आम्हा दोघींनाच ठाऊक. आई अजून म्हणते, देवानं कशी परीक्षा घेतली. उद्या तिला सांगणार आहे, देवानं नव्हे, मी. धाकटीला विचारलं तर म्हणाली, "सांग. मीही बसते शेजारी."