भीमाबाईंची दुनळी आणि कारळाचा डबा

भीमाबाई गजभिये यांच्या नवऱ्याने आयुष्यभर संघटना उभ्या केल्या आणि भीमाबाईंनी आयुष्यभर त्या संघटनांसाठी चहा केला. नॉटिंगहॅमजवळच्या बीस्टनमध्ये त्यांचं घर. घराच्या पुढच्या खोलीत चाळीस वर्षं बैठका भरल्या. जयंतीची बैठक, विहाराच्या जागेची बैठक, कौन्सिलला निवेदन देण्याची बैठक, आणि मागच्या बैठकीत नक्की काय ठरलं होतं हे ठरवण्याची बैठक. सुखदेवराव खुर्चीतूनच हाक मारत, "भीमा, अकरा कप!" आणि हॉस्पिटलातल्या पाळीवरून नुकत्याच आलेल्या भीमाबाई पायातले बूट न काढताच आधण ठेवत.

त्या रिटायर झाल्या त्या दिवशी वॉर्डातल्या पोरींनी थट्टेने त्यांच्या हाती एक पाकीट दिलं. आत नेवार्कच्या रस्त्यावरल्या गन क्लबातल्या एका सकाळचं आमंत्रण होतं. "सिस्टर, चौतीस वर्षं आमच्यावर डोळे रोखलेत. आता दुसऱ्या कशावर तरी रोखा."

भीमाबाई गेल्या, त्या केवळ पाकीट वाया जाऊ नये म्हणून. शेतावर धुकं होतं. क्लबाचा सेक्रेटरी ट्रेव्हर याने त्यांच्या खांद्याला दुनळी बंदूक नीट टेकवून दिली आणि समजावलं, की तुम्ही 'पुल' म्हणालात की यंत्रातून मातीचं कबूतर उडेल. कबूतर नावाचंच, प्रत्यक्षात ती बशीएवढी चकती. भीमाबाई 'पुल' म्हणाल्या, ते वॉर्डात 'बेडपॅन' म्हणायच्या त्याच आवाजात. चकती उडाली, आणि धुक्यात काळी भुकटी होऊन विरून गेली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, ठराव झाला नाही, इतिवृत्त लिहिलं गेलं नाही. आणि कुणीही चहा मागितला नाही. भीमाबाईंना ते फारच आवडलं.

वर्षभरात त्यांनी परवाना काढला, सेकंडहँड दुनळी घेतली आणि दर रविवारी सकाळी त्या गायब होऊ लागल्या. विहारात कुजबुज झाली, की गजभियेबाई पाखरं मारतात. एका पौर्णिमेला भंतेजींनीच हळूच विषय काढला. भीमाबाई म्हणाल्या, "भंते, बशी फुटते हो. घरात एवढ्या फोडल्या तेव्हा कुणी पंचशील काढलं नव्हतं." भंतेजी इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

राहता राहिली किल्ली. इथे नियम असा, की बंदूक भिंतीला ठोकलेल्या पोलादी कपाटात ठेवायची आणि त्या कपाटाची किल्ली कुठे आहे हे परवानाधारकाशिवाय कुणालाही माहीत असता कामा नये. नवऱ्यालाही नाही. भीमाबाईंनी विचार केला, आपला नवरा जिथे कधीच हात घालणार नाही अशी जागा कोणती? स्वयंपाकघर तर होतंच, पण त्याहून पक्की जागा म्हणजे कारळाच्या चटणीचा डबा. नागपूरच्या वसतिगृहात सुखदेवरावांनी सहा वर्षं रोज कारळाची चटणी खाल्ली होती. त्यानंतर ते त्या वासाच्या आसपास फिरकले नव्हते. किल्ली प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी डब्याच्या तळाशी, वर चार बोटं चटणी.

"मला सांगत नाहीस म्हणजे काय?" सुखदेवराव विचारत. "बेचाळीस वर्षांचा संसार आहे आपला."

"कायदा आहे."

"कायदा बदलता येतो."

"मग काढा एक निवेदन."

क्लबात ट्रेव्हर दर दोन-तीन महिन्यांनी एक फॉर्म पुढे करायचा. ट्रेंट व्हॅली गन ओनर्स असोसिएशन. "भरून टाक, डक," तो म्हणायचा. इथली माणसं कुणालाही प्रेमाने 'डक', म्हणजे बदक, म्हणतात, अगदी बंदूक हातात असली तरी. "चुकून कुणाचं ग्रीनहाउस फुटलं तर विमा असतो. परवान्याचं काही अडलं तर विचारायला माणूस असतो. आणि लंडनमध्ये कुणी नवा नियम काढायला बसलं, की एकट्याचं पत्र फाइलीत जातं, हजारांचं टेबलावर येतं."

हे शेवटचं वाक्य भीमाबाईंनी दारापलीकडून हजारदा ऐकलं होतं. "आमच्या घरात एक संघटनावाला आहे," त्या म्हणायच्या. "तेवढा पुरे." आणि फॉर्मच्या कोऱ्या बाजूवर बाजाराची यादी करायच्या.

पाच वर्षांनी परवान्याच्या नूतनीकरणाची वेळ आली. पोलिसांच्या परवाना ऑफिसातून मिसेस ऑलसॉप घर बघायला आल्या. करड्या केसांच्या, करड्या कोटाच्या बाई. त्यांनी कपाट हलवून पाहिलं, बंदुकीवरचा नंबर कागदाशी ताडून पाहिला. मग किल्लीची जागा दाखवायला भीमाबाई त्यांना एकट्यांना स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. मिसेस ऑलसॉप यांनी डब्यात नाक घातलं, शिंकल्या, आणि म्हणाल्या, "वीस वर्षांत हे पाहिलं नव्हतं."

आता शेवटचा एकच प्रश्न उरला होता. मागच्या खेपेला सुखदेवराव मुलीकडे कार्डिफला गेले होते, त्यामुळे तो त्यांना कुणी विचारलाच नव्हता. आज ते कोट घालून सोफ्यावर तयार बसले होते.

"मिस्टर गजभिये, कपाटाची किल्ली कुठे असते हे तुम्हाला माहीत आहे का?"

बरोबर उत्तर दोन अक्षरांचं होतं.

"अर्थातच!" सुखदेवराव म्हणाले. "या घरात मला ठाऊक नाही अशी एकही गोष्ट नाही. आम्ही नवरा-बायको एकमेकांपासून काही लपवत नाही."

"अहो!" भीमाबाई मराठीत ओरडल्या.

"थांब, मी बोलतोय ना."

"मग कुठे असते?" मिसेस ऑलसॉप यांनी शांतपणे विचारलं.

सुखदेवरावांनी कोटाचं बटण लावलं. मग मान ताठ करून म्हणाले, "ते मी कुणालाही सांगत नाही. सुरक्षेचा प्रश्न आहे."

मिसेस ऑलसॉप यांनी वहीत बराच वेळ काहीतरी लिहिलं. जाताना दारात म्हणाल्या, की हे वर कळवावं लागेल. परवाना संपायला पाच आठवडे आहेत. तोवर निर्णय झाला नाही, तर बंदूक दुकानदाराकडे जमा करावी लागेल.

दार लागलं. भीमाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं.

"तुम्हाला माहीत आहे किल्ली कुठे आहे?"

"नाही."

"मग सांगितलंत कशाला?"

"बायको आपल्याला सांगत नाही, हे परक्या बाईसमोर कसं म्हणायचं?" सुखदेवरावांचा आवाज एकदम लहान झाला. "माझीही काही इज्जत आहे, भीमा."

संध्याकाळी कार्डिफहून मनालीचा फोन आला. "आई, बाबाने का खोटा बोलला? पोलीसची बाई होती ती! आता तुझा बंदूक घेऊन जाणार?"

"तुझी बंदूक म्हणावं, बाळा," भीमाबाई म्हणाल्या. "आणि हो, बहुतेक घेऊन जातील."

फोन ठेवल्यावर त्या बराच वेळ कपाटासमोर उभ्या राहिल्या. पाच वर्षांत रविवारची सकाळ फक्त त्यांची झाली होती. त्या सकाळी त्या कुणाची सिस्टर नसत, कुणाची आई नसत, कुणाच्या अकरा कपांत नसत. आता ती सकाळ एका माणसाच्या मोठेपणापायी पुन्हा बैठकीच्या खोलीत जाणार होती.

पुढच्या रविवारी त्यांनी स्वतःच ट्रेव्हरकडे फॉर्म मागितला.

"का गं डक, ग्रीनहाउस फोडलंस?"

"नवऱ्याने तोंड उघडलं."

"हे विम्यात बसत नाही," ट्रेव्हर म्हणाला, "पण जूडिथला फोन कर."

तहान लागल्यावर विहीर खणायची म्हणतात तशातला प्रकार होता. पण विहिरीला पाणी लागलं. फोनवरची जूडिथ म्हणजे असोसिएशनची सल्लागार, आधी कुठल्याशा परवाना ऑफिसात सतरा वर्षं कारकून होती. तिने सगळं ऐकून घेतलं, मध्येच फोन बाजूला धरून हसून घेतलं, आणि मग म्हणाली, "भांडू नका. अपिलाची भाषा करू नका. तुमच्या नवऱ्याने खरं काय ते लिहून द्यायचं आणि परवानावाल्या बाईंना पुन्हा घरी बोलवायचं. फक्त एक विचारते, तो खरं लिहील?"

हाच तर प्रश्न होता. सुखदेवरावांनी आजवर कौन्सिलला, खासदाराला, रेल्वेला, टीव्हीवाल्यांना पत्रं लिहिली होती. 'मला माहीत नाही' असं एकाही पत्रात नव्हतं.

दोन दिवस ते टेबलाशी बसले. तिसऱ्या दिवशी चार पानी पत्र तयार झालं. सुरुवात १८७८ च्या कायद्यापासून होती, ज्याने इंग्रजांनी हिंदी माणसाच्या हातातलं शस्त्र काढून घेतलं. दुसऱ्या पानावर स्त्रीमुक्ती. तिसऱ्यावर, ज्या समाजाला शतकानुशतकं शस्त्र धरू दिलं नाही त्या समाजातल्या बाईच्या हाती आज परवाना आहे याचा अर्थ काय. हे पान भीमाबाईंनी दोनदा वाचलं. चौथ्या पानाच्या तळाशी, घाईघाईत लिहिल्यासारखी एक ओळ होती: 'मला किल्ली कुठे आहे हे माहीत नाही, कधीच माहीत नव्हतं, मी बढाई मारली.'

जूडिथने पत्र वाचलं. "फार सुंदर आहे," ती म्हणाली. "तिसरं पान आपल्या मासिकात छापू. पोलिसांना फक्त शेवटची ओळ पाठवा."

सुखदेवरावांनी एक संपूर्ण दिवस अबोला धरला. मग ती एक ओळ सुवाच्य अक्षरात पुन्हा लिहिली, सही केली आणि टपालपेटीत टाकायला स्वतः चालत गेले.

तिसऱ्या आठवड्यात मिसेस ऑलसॉप पुन्हा आल्या. त्यांना सुखदेवरावांशी एकट्याने बोलायचं होतं. भीमाबाईंना मागच्या बागेत पाठवण्यात आलं. गुलाबाची छाटणी करण्याचं सोंग करत त्या अशा जागी उभ्या राहिल्या, की स्वयंपाकघराची खिडकी नीट दिसावी.

आणि त्यांना दिसलं ते असं. सुखदेवराव पाहुणीला चहा विचारत होते. आयुष्यात पहिल्यांदा. पाहुणी "नको" म्हणाल्याचं दिसत होतं, पण गजभियेंच्या घरातून कुणी चहाशिवाय गेलं नव्हतं. सुखदेवरावांनी एक कपाट उघडलं: पातेली. दुसरं उघडलं: सांडशी, लाटणं, जुने चष्मे. कपबशा सापडल्या तेव्हा त्यांनी मागे वळून मिसेस ऑलसॉप यांच्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. मग साखर शोधायला ते डब्यांच्या फळीकडे वळले. सगळे डबे एकसारखे, स्टीलचे. पहिला उघडला: बेसन. दुसरा: तूरडाळ. तिसरा: पोहे.

चौथा कारळाचा होता.

भीमाबाईंच्या हातातली कात्री थांबली. खिडकीच्या आत मिसेस ऑलसॉप यांचं पेनही थांबलं. त्या दोघींनाच ठाऊक होतं.

सुखदेवरावांनी झाकण काढलं. डबा नाकाजवळ नेला. त्यांच्या चेहऱ्यावर वसतिगृहाची सहा वर्षं एका क्षणात उमटून गेली. बागेपर्यंत आवाज आला, "शी!" झाकण बंद. डबा फळीवर. पुढचा डबा.

साखर शेवटपर्यंत सापडली नाही. गाळणीही नाही. शेवटी ते मागच्या दारात आले आणि हताश होऊन ओरडले, "भीमा, या घरात काय कुठे ठेवतेस कुणास ठाऊक!"

मिसेस ऑलसॉप यांनी त्या वाक्याचा अर्थ विचारला. भीमाबाईंनी शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितला. ते जसंच्या तसं वहीत उतरलं.

निरोप घेताना त्या दारात भीमाबाईंना हळू आवाजात म्हणाल्या, "परवाना पोस्टाने येईल. पण ती जागा बदला. आजच. माझं हृदय पुन्हा हे सहन करणार नाही."

परवाना संपायच्या चार दिवस आधी नवा परवाना आला.

वसंतात असोसिएशनची वार्षिक सभा एका खेड्यातल्या हॉलमध्ये झाली. भीमाबाई एकाच अटीवर गेल्या: चहा करणार नाही. बसल्या बसल्या त्यांनी शेजाऱ्यांना विचारलं, तुम्ही कशाला सभासद झालात? एक शेतकरी म्हणाला, परवाना सात महिने अडकला होता आणि पेरलेलं सगळं कबुतरांनी खाल्लं, खऱ्या कबुतरांनी. एक तरुण बाई म्हणाली, नवे नियम येताहेत म्हणतात, ते ठरवताना आमचंही कुणी ऐकावं. ब्याऐंशी वर्षांचे एक आजोबा होते; हात थरथरतो म्हणून त्यांनी बंदूक केव्हाच विकली होती. "मासिक येतं," ते म्हणाले. "माझ्या नावाने पोस्टाने दुसरं काही येत नाही."

"आणि तू?" त्यांनी विचारलं.

"मला फोन उचलणारं कुणीतरी हवं होतं," भीमाबाई म्हणाल्या. मग त्यांनी पुढे जोडलं, "कुणाला हसू आलं तरी, हसून झाल्यावर मदत करणारं."

नव्या नियमांबद्दलच्या पत्रावर मतदान झालं. चाळीस वर्षं बैठका ऐकलेल्या बाईने पहिल्यांदाच बैठकीत हात वर केला, आणि तो खाली घ्यायला जरा उशीरच केला. मागून पुटपुट ऐकू आली, "मुद्दा क्रमांक तीनवर दुरुस्ती सुचवायला हवी होती." सुखदेवराव बंदूक नसलेले हितचिंतक सभासद झाले होते. त्यांच्या हातात ट्रे होता आणि ट्रेमध्ये अकरा कप.

घरीही त्यांनी हा नवा छंद चालू ठेवला. आता सकाळचा चहा तेच करतात. साखर कुठे, गाळणी कुठे, वेलची कुठल्या बरणीत, सगळं पाठ झालं आहे. परवा तर चहा ढवळता ढवळता म्हणाले, "भीमा, वय झालं की जीभ बदलते बहुतेक. कारळाची चटणी पुन्हा एकदा खाऊन बघावी म्हणतो."

"खा की," भीमाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी स्वतः डबा काढून दिला.

किल्ली त्या डब्यातून केव्हाच हलली होती. आता ती कुठे आहे हे इथे लिहिता येणार नाही. कायदा आहे.